हौशी रेडिओ आणि घरबसल्या शिक्षण

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात एका सहाय्यक शिक्षकाने केलेले भाषण)



मी बी. ए., बी. एड. आहे आणि इतिहास व मराठी शिकवतो. असा माणूस रेडिओवर काय बोलणार, असे आपल्याला वाटले असेल. त्याचे कारण आधी सांगतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. कोरोनामुळे शाळा मार्चपासून बंद होत्या आणि मोबाईलवरून वर्ग घेण्याची आमची तयारी चालू होती. एका दुपारी विजेचे खांब आडवे झाले, मोबाईलचे मनोरे मुके झाले आणि आमची सारी तयारी जागच्या जागी राहिली. तिसऱ्या दिवशी आठवीतील एक मुलगी माझ्या दारी आली. तिचे वडील कुवेतला नोकरीस. ती म्हणाली, "सर, आम्ही जिवंत आहोत एवढेच अब्बांना कळवायचे आहे. काही करता येईल का?" माझ्या हातात महागडा फोन होता आणि तो विटेइतकाच निरुपयोगी होता. मी नाही म्हटले. ते 'नाही' माझ्या मनातून आजही गेलेले नाही.

त्यानंतर मी हौशी रेडिओची, म्हणजे ज्याला हॅम रेडिओ म्हणतात त्याची माहिती घेऊ लागलो. स्वतःचा संच, स्वतःची बॅटरी आणि स्वतःची एरियल. मध्ये मनोरा नाही, तार नाही. लघुलहरी आकाशातील आयनांबरावरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटरवर उतरतात. ही विद्या आपल्या देशाला नवी नाही. कलकत्त्याचे अमरेंद्र चंद्र गुप्तू यांना १९२१ साली परवाना मिळाला होता. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांचे पथक हौशी प्रक्षेपणासाठी अंदमानात गेले होते. २६ तारखेला त्सुनामी आली, बेटांचा संपर्क तुटला, तेव्हा याच पथकाने पोर्ट ब्लेअरहून मुख्य भूमीशी संपर्क साधून लोकांची खुशाली कळवली. गेले होते छंदासाठी, कामी आले संकटात.

आता प्रश्न असा की, खेड्यातील मुलाने हे शिकावे कुठे? जवळपास जाणकार नाही. इथेच इंटरनेट उपयोगी पडते. मी स्वतः घरबसल्याच शिकलो.

पहिली पायरी ऐकण्याची. नेदरलँड्समधील ट्वेन्टे विद्यापीठात एक ग्राहक संच बसवलेला आहे आणि तो इंटरनेटवरून जगातील कोणालाही वापरता येतो. आपण इथे बसून बटण फिरवायचे आणि तिथल्या एरियलवर येणारे आवाज ऐकायचे. परवानाधारक हौशी तर स्वतःच प्रक्षेपण करतो आणि आपला आवाज तिथवर पोचला की नाही, हे त्याच संचावर तपासतो. भूगोलाच्या तासाला याहून चांगले साधन मला ठाऊक नाही. दिवसा कोणती लहर मरते, सूर्य मावळल्यावर कोणती जागी होते, हे मुलांना कानांनी कळते.

दुसरी पायरी मोर्स लिपीची. जर्मन मानसशास्त्रज्ञ लुडविग कोख यांनी १९३० च्या दशकात दाखवलेली पद्धत आज संगणकावर विनामूल्य शिकता येते. सुरुवातीला दोनच अक्षरे, पण पूर्ण वेगाने. शंभरातील नव्वद बरोबर आली की तिसरे अक्षर. टिंबे-रेघा मोजायच्या नाहीत, अक्षराचा ठेका ओळखायचा. आपल्या मुलांना पाढे असेच तोंडपाठ होतात.

तिसरी गोष्ट उपक्रमांची. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून जाते. त्यावरून अधूनमधून १४५.८०० मेगाहर्ट्‌झवर चित्रे आवाजाच्या रूपाने पाठवली जातात. साध्या संचावर तो आवाज पकडून मोबाईलमध्ये दिला की चित्र उमटते. वेळ मिळतो फार तर दहा मिनिटे. मग स्थानक क्षितिजाखाली! जुलै २०२५ मध्ये आपले शुभांशु शुक्ला याच स्थानकावरून हॅम रेडिओद्वारे भारतातील विद्यार्थ्यांशी बोलले. दुसरे उदाहरण 'एफ टी ८' या पद्धतीचे. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीने संगणक इतके क्षीण संकेत उचलतो की ते कानाला ऐकूही येत नाहीत. २०१७ साली ती प्रचारात आणणाऱ्या दोघांपैकी जो टेलर हे १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते आहेत. एवढा मोठा शास्त्रज्ञ हौशी मंडळींसाठी राबतो, हे आमच्या मुलांनी जाणून घ्यावे.

मात्र एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. ऐकणे मोकळे आहे, प्रक्षेपण मोकळे नाही. त्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा आणि परवाना लागतो. वयाची अट बारा वर्षांची. मर्यादित श्रेणीला मोर्स लागत नाही. सर्वसाधारण श्रेणीला मिनिटाला आठ शब्दांचा वेग लागतो. मी मर्यादित श्रेणी उत्तीर्ण झालो आहे, पण मोर्समध्ये सहा शब्दांवर अडकलो आहे. माझ्या वर्गातील मुले मला मागे टाकतील, याची मला खात्री आहे.

कोणी म्हणेल, हातात इंटरनेट असताना ही जुनी विद्या कशाला? माझे उत्तर एवढेच की, इंटरनेट ही शिकण्याची शिडी आहे. माडीवर चढल्यावर शिडी वाऱ्याने पडली तरी चालते, पण आधी माडीवर चढलेले असावे लागते. वादळाच्या दिवशी शिकता येत नाही. शिकायचे ते उघडीप असतानाच.

म्हणून संस्थेकडे माझी नम्र विनंती आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी संगणक कक्ष उघडा ठेवावा. पहिल्या तुकडीत दहा मुले घ्यावीत, त्यांत निम्म्या मुली असाव्यात. शिकवण्याचे मानधन मला नको. वर्षभरात निम्मी जरी परीक्षेस बसली, तरी पुढच्या वर्षी शाळेच्या गच्चीवर एरियल उभारण्याची परवानगी मी हक्काने मागेन.

आपल्या गावातील निम्मी घरे परदेशातील कमाईवर चालतात. बाप समुद्रापलीकडे आणि लेकरे इकडे, हे आपले नित्याचे जिणे आहे. पुन्हा वादळ येईल. ते अल्लाहच्या हातात आहे, पण तयारी आपल्या हातात आहे. त्या दिवशी एखादी मुलगी दारात उभी राहून तोच प्रश्न विचारील, तेव्हा या शाळेतील कोणीतरी तिला 'हो, प्रयत्न करतो' असे म्हणू शकावे, एवढीच माझी इच्छा आहे.