फळप्रक्रिया आणि सम्यक आजीविका



आपल्या अनेक भगिनी बचत गटांतून संत्र्याचे स्क्वॅश, आवळ्याचा जॅम, कैरीचे लोणचे तयार करतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनी आपण हा माल आपुलकीने घेतो. परंतु आपुलकीवर बाटली एकदाच खपते. दुसऱ्यांदा ती गुणवत्तेवर खपते.

विनयपिटकात भगवान बुद्धांनी भिक्खूंना आंबा, जांभूळ, द्राक्षे अशा आठ पेयांची अनुमती दिली आहे. ही पेये दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंतच घ्यावीत, असा भिक्खुसंघाचा दंडक आहे. रस फार काळ टिकत नाही, हे आपल्या माताभगिनींनाही ठाऊक आहे. तो महिनोन्‌महिने टिकवायचा तर विज्ञानाचीच कास धरली पाहिजे.

हे विज्ञान अवघड नाही. बुरशी आलेले फळ टाकूनच द्यावे. काही बुरशींचे विष उकळूनही पूर्ण नष्ट होत नाही. धुण्यास पिण्याचेच पाणी आणि शिजवण्यास स्टेनलेस स्टीलचे भांडे वापरावे. संत्र्याची बी चिरडली की रस कडू होतो. स्क्वॅशमध्ये रस किमान २५ टक्के व विद्राव्य घन पदार्थ ४० टक्के असावेत. जॅममध्ये हेच घन पदार्थ ६५ टक्के लागतात. ते अंदाजाने न ठरवता रिफ्रॅक्टोमीटरने मोजावेत. परिरक्षक द्रव्य चिमटीने न घालता ग्रॅममध्ये तोलावे. बाटल्या उकळत्या पाण्यात निर्जंतुक कराव्यात. बँकेत आम्ही रोजचा हिशेब जुळल्याशिवाय उठत नाही. तशीच प्रत्येक बॅचची तारीख, माप व नमुना यांची नोंद वहीत झाल्याशिवाय माल बाहेर जाऊ नये.

पूर्वी यासाठी १९५५ चा फळ उत्पादन आदेश होता. त्याची जागा २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने घेतली. घरगुती उत्पादकालाही आता नोंदणी आवश्यक असून तिचा १४ अंकी क्रमांक लेबलवर छापावा लागतो.

एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. ग्राहक बाटली हातात घेतो, 'कोणी बनवले?' म्हणून विचारतो आणि आडनाव ऐकून ती परत ठेवतो, हा आपल्यापैकी अनेकांचा अनुभव आहे. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तरीही हा विटाळ सर्वांच्या मनातून गेलेला नाही. आपल्या लेबलने तो जाईल, अशा भ्रमात आपण राहू नये. मग ही शुद्धता कोणासाठी? आपली बाटली सर्वांत आधी आपल्याच वस्तीतील लेकराच्या हाती जाते, त्याच्यासाठी. दुसऱ्याच्या जीवाला अपाय न करता मिळवलेली भाकर, हीच सम्यक आजीविका. म्हणून आडनाव लपवू नका. गटाचे नाव ठळक छापा आणि त्या नावाला शोभेल असाच माल भरा.

विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, या सुट्टीत प्रत्येकाने एका गटाला मोजमाप शिकवावे आणि बॅचची वही सुरू करून द्यावी. शिकलेल्या माणसाने समाजाचे ऋण फेडण्याचा हाही एक मार्ग आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!