दोन्ही बाजूंचा विश्वासू

भिवंडीच्या गोदामांत उतरणारा कितीतरी माल न्हावा-शेवा बंदरातून येतो. तेथे आयातदाराच्या वतीने जकातीचे कागद पुढे करतो तो कस्टम्स ब्रोकर. त्याच्यावर व्यापारीही विसंबतो, सरकारही. मग त्याचा परवाना एकाएकी स्थगित का होतो?

२०१८ च्या नियमांप्रमाणे त्याने गिऱ्हाइकाचे अधिकारपत्र घ्यावे, ते दिलेल्या पत्त्यावर खरोखर धंदा करते की बंद गाळ्यावर नुसती पाटीच आहे, याची खातरजमा करावी. आणि ते कायदा पाळीत नसेल तर अधिकाऱ्यांना कळवावे. तो काही तपासनीस नव्हे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ साली म्हटले. पण डोळे मिटून सही करणे निराळे.

अशा कसुरीची चौकशी चालू किंवा व्हावयाची असेल, आणि तातडीने कारवाई करणे आवश्यक असेल, तरच स्थगिती. ही शिक्षा नव्हे. तरी कारकुनांच्या चुली थंडावतातच. म्हणून १५ दिवसांत त्याचे म्हणणे ऐकावे, आणि सुनावणीपासून १५ दिवसांत स्थगिती उठवावी की चालू ठेवावी ते ठरवावे, असे बंधन आयुक्तांवरही आहे. विश्वासाला जसा पहारा हवा, तशी पहाऱ्यालाही मुदत हवी.