कोंड्याचा मांडा
(सुवर्णमहोत्सवी समारंभात दतिया गेट, झाशी येथे केलेले भाषण)



नारो शंकरांच्या काळापासून मराठी माणूस या नगरात नांदतो आहे. त्याने भाषा राखली, पुरणपोळी राखली. परंतु साली, शिरा आणि कोंडा मात्र आपण नकळत टाकून दिला. त्याविषयीच आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

माझे वडील बंधू ५२व्या वर्षी हृदयविकाराने गेले. त्यानंतर माझे रक्त तपासले, तो कोलेस्टेरॉल वाढलेले आढळले. डॉक्टरांनी औषध दिले आणि खाण्यापिण्याची चौकशी केली. तेव्हा आईची आठवण झाली. दोडक्याच्या शिरांची चटणी, मटारच्या कोवळ्या सालींची भाजी ती आवर्जून करीत असे. आम्ही मात्र त्यास गरिबीची खूण समजत होतो.

आज जग त्याच टाकाऊ वस्तूंकडे वळले आहे. तेल शुद्ध करताना वाफेबरोबर निघून जाणाऱ्या अंशात वनस्पतिज स्टेरॉल असतात. त्यांची घडण कोलेस्टेरॉलसारखीच असल्याने ते आतड्यात त्याची जागा अडवितात. अशाच द्रव्यांनी युक्त मार्गारिन फिनलंडमध्ये १९९५ साली बाजारात आले. रोज सुमारे २ ग्रॅम स्टेरॉल पोटात गेल्यास घातक कोलेस्टेरॉल ७ ते १० टक्के उतरते. संत्र्यामोसंब्यांच्या साली व सफरचंदाचा चोथा यांतून पेक्टिन काढतात. पेक्टिन, ओट व जव यांतील विद्राव्य तंतू पित्ताम्ले बांधून बाहेर नेतात. नवे पित्त घडविण्यासाठी यकृतास रक्तातील कोलेस्टेरॉल वापरावे लागते.

मात्र येथे विवेक हवा. सगळाच कोंडा सारखा नव्हे. गव्हाचा कोंडा पोट साफ राखतो, पण कोलेस्टेरॉल फारसे उतरवीत नाही. पेक्टिनचे प्रमाण दिवसास ६ ग्रॅम, तर जव-ओटांतील बीटा-ग्लुकानचे ३ ग्रॅम लागते; दोन बोटे चटणीने ते भरून निघणार नाही. बरणीवर ‘पौष्टिक’ असे छापले म्हणून मीठ-साखर निरुपद्रवी होत नाही. आणि वैद्यांनी दिलेले औषध आपल्या मनाने सोडणे हा तर आत्मघातच होय.

तरीही आपल्या हाती पुष्कळ आहे. बुंदेलखंडातील जवाचा सत्तू आपल्या दाराशी आहे. इसबगोलाचा भुसा पुरेशा पाण्याबरोबर घेता येतो. कोवळ्या साली स्वच्छ धुऊन, शिरा काढून भाजीत घालता येतात. वनस्पती तुपाऐवजी साधे तेल, तेही बेताने, वापरता येते.

‘कोंड्याचा मांडा’ हे आपल्याकडे काटकसरी गृहिणीचे कौतुक आहे. आईचा तो मांडा वेळीच ओळखला असता, तर बंधू वाचलेच असते, असे मी म्हणणार नाही. पण तिच्या ताटाची लाज वाटू दिली नसती, एवढे खास. पुढच्या पिढीला ती लाज वाटू नये, एवढीच प्रार्थना करून आपली रजा घेतो.