वजनाच्या औषधाची मात्रा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी काही डॉक्टरीण नव्हे आणि भाषण करण्याची सवयही मला नाही. परंतु चिटणीस बाई म्हणाल्या, "तुमच्या घरी जे घडले तेच सांगा, चार जणींच्या उपयोगी पडेल." थोरल्या जाऊबाई आज समोरच बसल्या आहेत. त्यांची परवानगी घेऊनच बोलते.

वजन कमी करण्याची आठवड्यातून एकदा घ्यावयाची इंजेक्शने आपल्या देशात २०२५ साली आली. मार्च महिन्यात मौंजारो आले, त्यातील औषधाचे नाव तिर्झेपटाइड. जूनमध्ये वेगोव्ही आले, त्यातील औषध सेमाग्लुटाइड. तेव्हापासून हळदीकुंकवाला जा की कावडयात्रेच्या दिवशी राजेश्वराच्या देवळात जा, बायकांत हाच विषय.

आमच्या घरी पुतणीचे लग्न दोन महिन्यांवर आले होते. जाऊबाईंच्या एका नातलग बाईंना डॉक्टरांनी मोठी मात्रा सुरू केली, म्हणून त्यांच्याकडे ५ मिलिग्रॅमच्या दोन बाटल्या उरल्या होत्या. त्या आमच्याकडे आल्या. बाटलीत औषध ते किती? अवघे अर्धा मिलिलिटर! जाऊबाई म्हणाल्या, "एवढ्याशाने काय होणार?" सासूबाईंना इन्सुलिन मीच देत असे, म्हणून सुई धरणे मला ठाऊक. थोरल्या माणसाला नाही कसे म्हणावे, या भिडेने मी त्यांच्या पोटावर ते इंजेक्शन दिले. भगिनींनो, हात माझा होता, हे मी लपवीत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मळमळ, मग उलट्या. दोन दिवस घोटभर पाणी पोटात ठरेना. उठायला गेल्या तर डोळ्यांपुढे अंधारी. शेवटी दवाखान्यात सलाईन लावावे लागले. डॉक्टरांनी एवढेच विचारले, "मात्रा कोणी ठरवली?" आम्ही दोघी खाली माना घालून उभ्या. ते म्हणाले, "दिलेले औषध आता परत काढता येत नाही. पाच दिवसांनी ते निम्मे होईल, पुढच्या पाच दिवसांत त्याच्या निम्मे. तोवर आपण फक्त सांभाळायचे." ते दिवस कसे गेले ते माझे मला ठाऊक.

पुढे मी त्यांना नीट विचारून घेतले. तेच आज आपणांस सांगते.

जेवण झाले की आपल्या आतड्यांतून एक रस रक्तात उतरतो आणि तो मेंदूला 'आता पुरे' असा निरोप देतो. ही औषधे त्या रसाची नक्कल करतात. भूक मंदावते आणि पोटातील अन्न सावकाश पुढे सरकते. शरीराला याची सवय नसते, म्हणून एकदम जास्त दिले की ते उलटते. आपण बाळाला गुटी देतो तेव्हा काय करतो? पहिल्या महिन्यात सहाणेवर एकेकच वेढा, बाळ वाढेल तसे वेढे वाढवायचे. जायफळाचा वेढा चुकून जास्त झाला तर बाळ गुंगते, हे आपल्या आयांनी आपल्याला बजावलेले असते. इथेही तोच न्याय.

मौंजारोची सुरुवात आठवड्याला २.५ मिलिग्रॅमने होते. चार आठवड्यांनी ५. पुढे लागलेच तर दर वेळी २.५ ने वाढ, तीही किमान चार आठवडे थांबून, आणि १५ च्या वर कधीच नाही. वेगोव्हीच्या पायऱ्या ०.२५, ०.५, १, १.७ आणि २.४ अशा, प्रत्येक पायरीवर चार आठवडे. पहिली पायरी वजन उतरविण्यासाठी नसून शरीराला सवय लावण्यासाठी असते. "महिना झाला, काटा हलत नाही" म्हणून घाईने मात्रा वाढविणाऱ्या किंवा औषध टाकून देणाऱ्या बायका इथेच चुकतात.

चार आठवडेच का? पळीचा हिशेब करून पाहा. सेमाग्लुटाइड साधारण आठवड्याने शरीरात निम्मे उरते. पहिल्या आठवड्यास भांड्यात एक पळी ताक घातले. आठवड्याने अर्धी उरली, त्यात एक घातली, दीड झाली. मग पावणेदोन, मग त्याहून थोडे जास्त. दोन पळ्यांच्या जवळ येऊन ते थांबते. म्हणजे मात्रा तीच ठेवली तरी महिनाभर शरीरातील औषध वाढतच असते. ते स्थिर होण्याआधीच पळी मोठी केली तर भांडे उतू जाणारच.

आणखी एक गोष्ट. २.५ ची बाटली आणि ५ ची बाटली, दोन्हींत औषधाचे पाणी अर्धा मिलिलिटरच असते. जोर मात्र दुप्पट. डोळ्यांना फरक दिसत नाही. म्हणून पाण्याकडे पाहू नये, खोक्यावरचा मिलिग्रॅमचा आकडा वाचावा. आम्ही नेमका तोच वाचून सोडून दिला.

मात्रा तिप्पट म्हणजे गुण तिप्पट, असेही नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ७२ आठवड्यांनी ५ मिलिग्रॅमवाल्यांचे वजन सरासरी १५ टक्के उतरले, १५ मिलिग्रॅमवाल्यांचे सुमारे २१ टक्के. ज्या मात्रेत काम होते आणि जी सोसते, तीच आपली मात्रा.

वार चुकला तर? मौंजारोला चार दिवसांच्या आत आठवले तर घ्यावे, नाहीतर सोडून पुढच्या वारी घ्यावे. वेगोव्हीला पुढचा वार दोन दिवसांहून दूर असेल तरच घ्यावे. चुकले म्हणून दोन एकदम कधीही घेऊ नयेत. पुष्कळ आठवडे खंड पडला तर जुन्या मोठ्या मात्रेवर परस्पर न जाता डॉक्टरांना विचारावे. पुष्कळदा पुन्हा खालून चढावे लागते.

आपल्या अकोल्याचे ऊनही ध्यानात ठेवा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. हे औषध २ ते ८ अंशांत, फ्रिजमध्ये ठेवायचे. बर्फाच्या कप्प्यात नव्हे. एकदा गोठले की ते फेकावे. पेन असेल तर एक पेन एकाच माणसाचे. सुई बदलली तरी दुसरीला देऊ नये.

दिवस राहिलेल्या किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने हे घेऊ नये. मूल हवे असेल तर सेमाग्लुटाइड दोन महिने आधी थांबवावे लागते. मौंजारो सुरू करताना आणि प्रत्येक वाढीनंतर चार आठवडे संततिनियमनाच्या गोळ्यांवर विसंबू नये. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर फार खाली जाऊ शकते. घरात कोणाला थायरॉइडचा कर्करोग किंवा स्वतःला स्वादुपिंडाची सूज झालेली असेल, तर ते आधी सांगावे. पोटात असह्य कळ येऊन पाठीकडे गेली तर दवाखाना गाठावा. औषध सोडले की उतरलेले वजन बरेचसे परत येते, हेही आधीच माहीत असावे.

लग्नात जाऊबाईंनी ब्लाउज शिंप्याकडून सैल करून घेतला आणि मुलीची पाठवणी आनंदाने केली. नंतर त्या आपले कागद घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. रक्त तपासून, वजन-उंची पाहून त्यांनी २.५ पासून रीतसर सुरू केले. आज त्या ५ वर आहेत. थोडे थोडे चार वेळा जेवतात, डाळ-उसळ चुकवीत नाहीत आणि संध्याकाळी माझ्याबरोबर मोर्णेच्या पुलापर्यंत चालून येतात.

भगिनींनो, आपण एकमेकींना साडी देतो, विरजण देतो, दागिनासुद्धा देतो. तेवढी औषधाची बाटली मात्र देऊ नका, आणि मागू नका. भिडेपोटी कोणाला टोचूही नका.