'हर्मायनी'ची हकीकत

आज मी आपणांस ज्या इंग्रजी लढाऊ जहाजाची हकीकत सांगणार आहें, तें शत्रूच्या तोफांनीं जिंकलें नाहीं. त्याच्याच खलाशांनीं तें आपल्या कप्तानाच्या हातून हिसकावून घेतलें आणि शत्रूच्या स्वाधीन केलें. त्या जहाजाचें नांव 'हर्मायनी'.

१७८२ सालच्या सप्टेंबरांत ब्रिस्टल येथें हें जहाज पाण्यांत उतरलें. त्याचा आराखडा एडवर्ड हंट या नौकाशिल्पज्ञाचा. जहाज 'फ्रिगेट' जातीचें. त्या काळच्या मोठ्या युद्धनौकांवर तोफांचे दोन किंवा तीन मजले असत. फ्रिगेटवर तोफांचा सलग मजला एकच आणि तोही वरचा. त्याच्या खालच्या मजल्यावर तोफा नसत, तेथें खलाशी झोळ्या टांगून निजत. या रचनेंत मोठी खुबी होती. तोफांच्या खिडक्या पाण्यापासून उंच राहिल्यामुळें समुद्र खवळला असतांही त्या उघडतां येत. शिवाय जहाज हलकें असल्यानें वेगानें धांवे. शत्रूचा माग काढणें, निरोप पोंचविणें, व्यापारी तांड्यांचें रक्षण करणें हीं फ्रिगेटचीं कामें. आरमाराचे डोळे असेंच त्यांना म्हणत. 'हर्मायनी'ची लांबी सुमारें १२९ फूट, तोफा ३२. पैकीं मुख्य मजल्यावरील २६ तोफा बारा पौंडी गोळे फेंकणाऱ्या. एवढ्या जागेंत सुमारें २२० माणसें राहावयाचीं! नियमाप्रमाणें एका झोळीला रुंदी मिळे ती चौदा इंच.

परंतु आराखडा कितीही उत्तम असला, तरी जहाज चाले तें माणसांच्या हातांवर. वारा वाढला कीं खलाशांनीं डोलकाठीवर चढावें, आडव्या काठीवर पोटानें ओणवें होऊन, पायांखालच्या एका दोरावर तोल सांभाळीत, फडफडणारें शीड आंखडून बांधावें. काठीच्या अगदीं टोंकाशीं जाणारा गडी बहुधा सर्वांत धाडसी व कसबी. साहजिकच परत येतांना त्यालाच अंतर अधिक पडे आणि खालीं उतरावयास तोच शेवटचा राही. ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवावी.

१७९७ च्या फेब्रुवारींत ह्यू पिगट हा या जहाजाचा कप्तान झाला. तो एका अॅडमिरलचा मुलगा आणि मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड पिगट याचा पुतण्या. वय तिशीच्या आंतच. 'सक्सेस' या आधींच्या जहाजावर त्यानें वर्षभराच्या आंत किमान ८५ वेळां फटक्यांची शिक्षा फर्माविली होती, आणि तींत दोघे दगावले होते. 'हर्मायनी'वरही तोच क्रम चालू राहिला. एक दोरी नीट बांधली गेली नाहीं, एवढ्यावरून त्यानें केसी नांवाच्या उमेदवार अधिकाऱ्यास सर्वांसमक्ष गुडघे टेंकून क्षमा मागण्यास सांगितलें. दुसरी कोणतीही क्षमायाचना करण्यास केसी तयार होता. गुडघे टेंकण्यास मात्र त्यानें नकार दिला. तेव्हां त्याला बारा फटके मारून पदावरून दूर करण्यांत आलें.

पुढें सप्टेंबरच्या २० तारखेस, जहाज वेस्ट इंडीजच्या समुद्रांत असतां, एकाएकीं वावटळ आली. शिडें आंखडण्याचें काम चाललें होतें. पिगटनें खालून धमकी दिली कीं, मागच्या डोलकाठीवरून जो शेवटीं उतरेल त्याला फटके बसतील. त्या भीतीनें उतरण्याची एकच घाई उडाली आणि तीन पोरसवदा खलाशी उंचावरून फळीवर कोसळून मेले. त्यांचीं प्रेतें कप्तानानें तुच्छतेचे उद्गार काढून समुद्रांत टाकविलीं, आणि जे कुरकुरले त्यांना दुसरे दिवशीं फटके दिले.

येथें मी क्षणभर थांबतों. मी जन्मभर शाळामास्तर होतों. घंटा झाल्यावर जो वर्गांत शेवटीं शिरेल त्याच्या हातावर छडी, असा नियम मींही एके काळीं केला होता. मुलें धांवत येत आणि मला वाटे, काय ही शिस्त! एके दिवशीं दाराशीं रेटारेटी होऊन एका मुलाचें बोट चेंगरलें, तेव्हां माझे डोळे उघडले. सगळे जीव तोडून धांवले तरी त्यांतला कोणी तरी शेवटचा असणारच. म्हणजे हा नियम आळसाला शासन करीत नाहीं. तो कोणाला तरी शासन झालेंच पाहिजे असें ठरवितो.

२१ सप्टेंबरच्या रात्रीं खलाशी कप्तानाच्या खोलींत शिरले. त्यांनीं पिगटला व आणखी नऊ अधिकाऱ्यांना ठार करून समुद्रांत लोटलें. केसीला मात्र त्यांनीं जिवंत सोडलें. मरणारांत कांहीं निरपराधही होते, हें विसरून चालणार नाहीं. जुलमाचा सूडही न्याय पाहून वार करीत नाहीं. त्यांनीं जहाज ला ग्वायरा बंदरांत नेऊन स्पेनच्या हवालीं केलें. पुढें इंग्लंडनें वर्षानुवर्षें त्यांचा पाठलाग करून ३३ जणांना पकडलें व २४ जणांना फांशीं दिलें.

'हर्मायनी' मात्र पुन्हां इंग्रजांकडे आली. १७९९ च्या ऑक्टोबरांत 'सर्प्राइझ' जहाजाचा कप्तान एडवर्ड हॅमिल्टन यानें शंभरेक माणसें होड्यांत घालून, प्वेर्तो काबेलोच्या किल्ल्यांच्या तोफांखालून, रात्रीं तिला ओढून बाहेर काढलें. शंभरावर स्पॅनिश पडले. इंग्रजांचा एकही मेला नाहीं. हॅमिल्टनला 'सर' ही पदवी मिळाली. जहाजाचें नांव बदलून आधीं 'रिटॅलिएशन' आणि मग 'रिट्रिब्यूशन' ठेवलें. म्हणजे पहिल्यांदा 'सूड' आणि मग 'प्रायश्चित्त'! १८०५ सालीं डेप्टफर्ड येथें तें मोडीत निघालें.

परंतु प्रायश्चित्त कोणीं घेतलें? याच हॅमिल्टननें पुढें दुसऱ्या जहाजावर आपल्या तोफखान्याच्या अधिकाऱ्यास शिक्षा म्हणून डोलकाठीच्या दोरांना बांधून ठेवलें. १८०२ सालीं त्याची लष्करी न्यायालयापुढें चौकशी होऊन तो बडतर्फ झाला. परंतु कांहीं महिन्यांतच त्याला पुन्हां चाकरींत घेतलें. इंग्लंडच्या आरमारांतून फटक्यांची शिक्षा बंद पडावयास १८७९ साल उजाडावें लागलें.

श्रोतेहो, 'हर्मायनी'च्या लाकडांत खोट नव्हती, तिच्या आराखड्यांतही नव्हती. जहाज तेंच, शिडें तींच आणि समुद्रही तोच. धाकानें माणसें डोलकाठीवर चढवितां येतात. परंतु वादळांत जहाज सांभाळावयास त्यांचा विश्वासच लागतो. घर असो, शाळा असो वा कचेरी, हुकूम सोडण्यापूर्वीं आपण एकदां काठीच्या टोंकाशीं असलेल्या गड्याकडे पाहावें, एवढेंच माझें सांगणें आहे.