चैत्रातले हगामे आणि धंदेवाईक खेळांचे भवितव्य

धंदेवाईक खेळ म्हटला की शहरातील सुशिक्षित गृहस्थाच्या डोळ्यांसमोर विजेच्या दिव्यांनी उजळलेले क्रीडांगण, रंगीबेरंगी पोषाखातले संघ आणि तिकिटांच्या रांगा उभ्या राहतात. ही गोष्ट आपल्याकडे अगदी अलीकडे व तीही परदेशातून आली, असा त्याचा ग्रह असतो. परंतु चैत्र-वैशाखात जो कोणी नगर-सोलापूर रस्त्याने कर्जत तालुक्यातील मिरजगावाकडे जाईल, त्याचा हा ग्रह फार वेळ टिकणार नाही. त्या सुमारास अहिल्यानगर जिल्ह्यात गावोगावच्या यात्रा भरू लागलेल्या असतात, आणि यात्रा म्हटली की कुस्त्यांचा हगामा हा ठरलेलाच. सातारा-कोल्हापूरकडे ज्याला फड किंवा मैदान म्हणतात, त्यालाच ह्या भागात हगामा हा शब्द आहे. हगाम्यात उतरणारा पहिलवान इनामासाठी लढतो, आणि त्या इनामावर त्याचा पुढील कित्येक महिन्यांचा खुराक चालतो. त्याच्याशी कोणी करारपत्र केलेले नसले, तरी तो धंदेवाईक खेळाडूच होय.

हगाम्याची रीत सामान्यतः सगळीकडे सारखीच असते. गावाने घरटी वर्गणी काढलेली असते; बाजारपेठेतील व्यापारी आणि नोकरीनिमित्त पुण्यामुंबईस राहणारे गावचे लोक तीत भर घालतात. नांगरून भुसभुशीत केलेल्या वावरात माणसे गोल रिंगण धरून बसतात. हलगी कडाडू लागते. आरंभ पोरांच्या कुस्त्यांनी होतो. त्या रेवड्यांवर किंवा नारळावर लागतात. मग इनामाचा आकडा हळूहळू चढू लागतो. पंच बहुधा उतारवयाचे पहिलवान असतात. कोणाची जोड कोणाशी लावावयाची, हे ते दंड, मान आणि मांडी पाहून ठरवितात. वजनकाट्याचे काम तेथे नजर करते. कुस्ती रंगली की बघ्यांतून एखादा उठतो, इनामात आपल्या पदरचे शेपन्नास घालतो, आणि त्याचे नाव कर्ण्यावरून पुकारले जाते. दिवस कलता कलता शेवटची मोठी कुस्ती लागते, आणि ती निकाली झाली तर लोक ती वर्षभर बोलतात.

ह्या साऱ्या व्यवहाराला कचेरी नाही, चिटणीस नाही, छापील वेळापत्रक नाही. वेळापत्रक पंचांगात आहे. एका गावची यात्रा अमुक तिथीस, दुसऱ्याची चार दिवसांनी, तिसऱ्याची पौर्णिमेस. पहिलवान आपले लंगोट घेऊन त्या तिथींमागून गावे घेत जातो. हा हंगाम वसंतातच का, ह्याचे उत्तर शेतात आहे. कर्जत-जामखेडचा मुलूख अवर्षणाचा. येथील जुने भरवशाचे पीक म्हणजे रब्बीची ज्वारी. ती फाल्गुनाच्या मागेपुढे निघते, धान्य घरात येते, आणि मृगाच्या पावसापर्यंत कोरडवाहू शेतकऱ्यास त्यातल्या त्यात उसंत असते. लेकी माहेरी येतात, चाकरमाने सुटी काढून येतात. अशा वेळी हगाम्याला प्रेक्षक आणावे लागत नाहीत. ते आधीच आलेले असतात.

नेमक्या ह्याच ऋतूत, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस, अमेरिकेत एक प्रयोग पुन्हा पुन्हा होत आला आहे. तेथे फुटबॉल ह्या नावाने जो खेळ चालतो तो आपल्या परिचयाच्या फुटबॉलाहून निराळा. अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळावयाचे आणि प्रतिपक्षाने पळणाऱ्यास पाडावयाचे, असा तो झोंबीचा खेळ आहे. त्यातील सर्वांत मोठ्या संघमंडळाचे, नॅशनल फुटबॉल लीगचे, सामने सप्टेंबरात सुरू होऊन फेब्रुवारीत संपतात. महाविद्यालयांचे सामनेही शरदऋतूतच होतात. मग वसंत मोकळा राहतो. ही मोकळी जागा पाहून अनेक धनिकांनी तेथे लहान लहान मंडळे उभारली.

१९८३ साली युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीग बारा संघांनिशी सुरू झाली. तिची मूळ कल्पना डेव्हिड डिक्सन नावाच्या गृहस्थाची. प्रत्येक संघाने खर्चाला लगाम घालावा, म्हणजे काही वर्षे तोटा सोसूनही मंडळ तगेल, असा त्याचा साधा हिशेब होता. मालकांनी तो हिशेब लवकरच गुंडाळून ठेवला. नामांकित खेळाडूंसाठी चढाओढ लागली. १९८४ साली स्टीव्ह यंग ह्या तरुणाशी चार कोटी डॉलरांचा करार झाला, त्यातील बहुतेक रक्कम पुढील कित्येक दशकांत द्यावयाची होती. संघ बाराचे अठरा झाले. शेवटी वसंत सोडून शरदातच मोठ्या मंडळाशी टक्कर द्यावी असे ठरले आणि मक्तेदारीविरुद्ध दावा लावला गेला. १९८६ साली पंचांनी निकाल दिला तो दाव्याच्या बाजूने. नुकसानभरपाई मात्र दिली एक डॉलर, जी कायद्याप्रमाणे तिप्पट होऊन तीन डॉलर झाली! शरदातला तो हंगाम कधी खेळला गेलाच नाही.

त्यानंतरची कथा थोडक्यात सांगता येते. २००१ सालची एक्सएफएल एका हंगामात आटोपली. २०१९ सालची अलायन्स ऑफ अमेरिकन फुटबॉल आठ आठवड्यांनी, स्पर्धा अर्ध्यावर टाकून, बंद पडली. २०२० साली एक्सएफएल नव्याने निघाली, ती पाचव्या आठवड्यानंतर थांबली. २०२२ साली जुन्या युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीगचे नाव घेऊन एक मंडळ निघाले, २०२३ साली एक्सएफएल पुन्हा उभी राहिली, आणि २०२४ च्या वसंतात दोघांनी एकत्र येऊन युनायटेड फुटबॉल लीग केली. दोन्ही मिळून सोळा संघ होते. एकीकरणात आठ उरले.

ह्या मंडळांत खेळणारी मुले काही कमी कसलेली नव्हती. वसंताची निवड मात्र एकाच कारणाने झाली होती: त्या दिवसांत दुसरे कोणी खेळत नव्हते. इतरांना जी जागा नको, तीच आपल्याला पुरेल, असा तो अंदाज होता. पण जागा रिकामी असणे आणि त्या जागेत माणसे वाट पाहत असणे ह्या दोन गोष्टींत अंतर आहे. हगाम्याचा वसंत गावाने स्वतः भरलेला असतो. अमेरिकन मंडळांना तो दरसाल पदरच्या पैशाने भरावा लागतो, आणि प्रक्षेपणाचे उत्पन्न आटले की तो पुन्हा रिता होतो.

आपल्याकडेही असे प्रयोग झालेले आहेत, आणि तेही महाराष्ट्राच्या नावाने. २०१२ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या आरंभापर्यंत वर्ल्ड सिरीज हॉकी ही आठ संघांची स्पर्धा झाली. अंतिम सामना मुंबईस झाला व त्यात पुणे स्ट्रायकर्स हा संघ शेर-ए-पंजाबकडून हरला. मान्यताप्राप्त हॉकी संघटनेशी ह्या स्पर्धेचे वाकडे होते. दुसरा हंगाम जाहीर होऊन लांबणीवर पडला आणि कायमचाच राहिला. कुस्तीची प्रो रेसलिंग लीग २०१५ च्या डिसेंबरात निघाली. पहिल्या वर्षी मुंबई गरुड हा संघ जिंकला. २०१९ च्या जानेवारीत तिचा चौथा हंगाम झाला तो पंचकुला, लुधियाना आणि ग्रेटर नोएडा येथे. मुंबईचे नाव धारण करणारा संघ त्यातही होता, परंतु त्याची एकही कुस्ती मुंबईकरास आपल्या शहरात पाहावयास मिळाली नाही. त्यानंतर कित्येक वर्षे ती स्पर्धा बंद राहिली. ज्या गावाचे नाव घ्यावयाचे त्या गावात पाऊल टाकावयाचे नाही, हा प्रकार मिरजगावच्या यात्रा कमिटीस खचितच चमत्कारिक वाटेल.

येथवर ऐकून हगाम्याचे गुणगान करण्याचा मोह होईल; तो आवरला पाहिजे. २०२० च्या वसंताकडे पाहिले म्हणजे त्याचे कारण कळते. त्या मार्चात करोनाची साथ आली. एक्सएफएलने खेळ थांबविला आणि एप्रिलात दिवाळे काढले. त्याच एप्रिलात महाराष्ट्रातील साऱ्या यात्रा बंद झाल्या, हगामे बंद झाले, आणि पुढच्या चैत्रातही तीच स्थिती राहिली. २०२२ साली यात्रा पुन्हा भरल्या, हलगी वाजली, जणू काही घडलेच नव्हते! हगाम्याने दिवाळे काढले नाही, कारण त्याला देणेच कोणाचे नव्हते. तोटा झाला तो पहिलवानांचा. दोन वसंतांचे इनाम बुडाले, तालमी ओस पडल्या, दूध-तूप-बदामाचा खर्च चालेना, आणि खेड्यांतील कित्येक मल्ल मोलमजुरीस लागले. दुष्काळी वर्षांत, जसे १९७२ साली किंवा २०१२-१३ साली, ह्या भागात हेच थोड्या फार फरकाने घडत आले आहे: पीक गेले की वर्गणी आटते, वर्गणी आटली की इनाम उतरते. हगाम्याचा चिवटपणा खरा आहे, परंतु त्याची किंमत पहिलवान आपल्या अंगावर भरतो. खांदा निखळला किंवा गुडघा फिरला, तर घरी जाण्याचे भाडेही कोणी देईलच असे नाही.

शिवाय डिक्सनचा हिशेब गुंडाळणारे मालक केवळ अमेरिकेतच असतात असे नव्हे. हल्ली मोठमोठ्या मैदानांत शेवटच्या कुस्तीसाठी हरियाणा-पंजाबचे, प्रसंगी इराणचे मल्ल आणण्याची अहमहमिका लागलेली असते. फलकावर लाखांचा आकडा झळकतो, पुढाऱ्यांची छायाचित्रे त्याहून मोठी असतात. वर्गणीचा मोठा हिस्सा एकाच जोडीवर खर्च झाला, की मधल्या कुस्त्यांस मिळते काय? आणि मधल्या कुस्त्या ही तर गावच्या मल्लांची खरी मिळकत. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याचा हर्षवर्धन सदगीर २०२० साली महाराष्ट्र केसरी झाला. शेजारच्या श्रीगोंदे तालुक्यातील भाग्यश्री फंड हिने महिला महाराष्ट्र केसरीचा मान मिळविला आहे. खेड्यातली अशी पोरे केसरीच्या गदेपर्यंत पोचण्याआधी लहान कुस्त्यांची जी लांब वाट चालतात, तीच वाट फलकावरच्या आकड्यापायी अरुंद होत आहे. मुलींच्या वाट्याला तर ती आधीच अरुंद आहे. अनेक हगाम्यांत त्यांची जोड लावण्याची अजून रीतच पडलेली नाही.

तिसरी अडचण संघटनेची. महाराष्ट्र केसरीची स्पर्धा १९६१ पासून चालत आली आहे. २०२५ साली मात्र एकट्या ह्या जिल्ह्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले. फेब्रुवारीच्या आरंभी अहिल्यानगर शहरात कुस्तीगीर संघाच्या स्पर्धेत पृथ्वीराज मोहोळ विजयी झाला. तेथे पंचांच्या निर्णयांवरून गोंधळ माजला आणि दोन नामवंत मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. मार्चच्या अखेरीस, चैत्र उंबरठ्यावर असताना, कुस्तीगीर परिषदेने आपली निराळी स्पर्धा कर्जत येथे, म्हणजे मिरजगावच्याच तालुक्याच्या गावी, भरविली. तीत सोलापूरचा वेताळ शेळके केसरी ठरला. प्रेक्षकांना त्यात काही खटकले असे दिसले नाही. त्यांना दोनदा चांगल्या कुस्त्या पाहावयास मिळाल्या. पहिलवानाला मात्र एका संस्थेच्या मॅटवर उतरल्याने दुसरीचे दार बंद होईल की काय, ही धास्ती बाळगावी लागते. हॉकीची ती स्पर्धा बुडाली त्यामागेही असलीच भांडणे होती.

तेव्हा हगाम्याची लीग करावी काय, हा प्रश्न हल्ली उत्साही मंडळी विचारतात त्याचे उत्तर बेताने दिले पाहिजे. तालुक्याचे संघ पाडून त्यांना वाघ-सिंहांची नावे द्यावयाची, दिवे लावून पुण्यात खेळवावयाचे आणि वाहिनीच्या पैशावर विसंबावयाचे, ह्याने फार तर दोन-तीन हंगाम गाजतील. गावच्या वर्गणीला तोपर्यंत ओहोटी लागलेली असेल, आणि ती एकदा मोडलेली सवय पुन्हा लावणे सोपे नाही. लीगकडून उचलण्याजोगी गोष्ट एकच, आणि ती दिव्यांहून पुष्कळ स्वस्त आहे: खेळाडूच्या देण्याची लेखी हमी. मिरजगाव, कर्जत, राशीन ह्या टापूतील यात्रा कमिट्यांनी आपल्या तिथींची एक यादी फाल्गुनातच जाहीर केली, प्रत्येक हगाम्याच्या वर्गणीतला ठरावीक हिस्सा शेवटच्या कुस्तीस हात लावण्यापूर्वी बाजूस काढला, आणि त्यातून आखाड्यात उतरणाऱ्या प्रत्येक मल्लाचा अपघाती विमा उतरविला, तर त्यासाठी वाहिनी लागत नाही की धनिक लागत नाही. मोठ्या इनामाचा आकडा थोडा उतरेल, एवढेच.

आकडा उतरवावयास पहिले गाव कोणते तयार होईल, हा खरा पेच आहे. शेजारच्या यात्रेपेक्षा आपली शेवटची कुस्ती मोठी असावी ह्या ईर्षेवरच वर्गणी जमते, आणि विम्याच्या कागदाला कोणी हलगी वाजवीत नाही. पेटी कोणाच्या हवाली करावयाची, हाही वाद निघेलच; दोन केसरी पाहिलेल्या जिल्ह्यात तो लवकर मिटेल असे मानण्यास आधार नाही. पण देवस्थानाच्या पैशाचा हिशेब गावच्या सभेत मोठ्याने वाचून दाखविण्याची चाल खेड्यांना नवी नाही, आणि कुस्तीच्या पैशाचा हिशेब त्याच बैठकीत वाचावयाचा झाला, तर त्यास लागणारा वेळ फार तर एका कुस्तीइतका आहे.