सामना थांबवता आला पाहिजे



२३ जानेवारी २०२२, रविवार. नवी मुंबईत, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्या संध्याकाळी भारत आणि चायनीज तैपेई या महिला फुटबॉल संघांची गाठ पडायची होती. स्पर्धा आशिया चषकाची. १९७९ नंतर ती पहिल्यांदाच भारतात आली होती. तीन दिवसांपूर्वी आपल्या मुलींनी इराणशी गोलशून्य बरोबरी केली होती आणि पुढची वाट थेट २०२३च्या विश्वचषकाकडे जात होती. सामन्याच्या तोंडावर कळलं की भारतीय संघातल्या बारा जणींना कोरोनाची लागण झाली आहे. मैदानात उतरण्यासाठी किमान तेरा खेळाडूंची नावं द्यावी लागत होती, आणि ती देणं भारताला शक्य झालं नाही. नियमाप्रमाणे संघानं स्पर्धेतून माघार घेतली असं ठरलं. इराणविरुद्धची बरोबरीही तक्त्यातून पुसली गेली. यजमान देश एका सामन्यानंतर बाहेर, आणि स्पर्धा ६ फेब्रुवारीच्या अंतिम सामन्यापर्यंत ठरल्या वेळापत्रकानं चालू राहिली.

त्याच जानेवारीत, इथून फार लांब नाही, गोव्यात इंडियन सुपर लीग सुरू होती. तिथेही तीच लाट, तोच ओमायक्रॉन. ८ जानेवारीला एटीके मोहन बागान आणि ओडिशा एफसी यांचा सामना पुढे ढकलला गेला. त्यानंतर आणखी काही सामने ढकलले गेले. पुरेसे खेळाडू उभे करता न येणाऱ्या संघांना दुसरी तारीख मिळाली. हंगाम तुटला नाही. २० मार्चला फातोर्ड्याला अंतिम सामना झाला, तोही प्रेक्षकांसह, आणि हैदराबादनं केरळा ब्लास्टर्सना पेनल्टींवर हरवून चषक नेला.

आजार एक, देश एक, महिना एक. पुरुषांच्या व्यावसायिक लीगला थांबता आलं आणि मुलींच्या स्पर्धेला आलं नाही. टाळेबंदीत व्यावसायिक फुटबॉल चालू ठेवावा की बंद करावा, हा प्रश्न २०२० पासून जगभर विचारला गेला. बहुतेक वाद ‘खेळा’ आणि ‘खेळू नका’ या दोन टोकांवर झाला. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे. एखादी स्पर्धा गरज पडेल त्या दिवशी थांबू शकते का? आणि तिला ‘थांब’ असं सांगण्याचा अधिकार कुणाच्या हातात आहे?

प्रेक्षकांचा भाग आधी बाजूला काढतो, कारण त्यात वादाला जागा फार नाही. १९ फेब्रुवारी २०२० रोजी मिलानच्या सान सिरो मैदानावर अटलांटा आणि वलेन्सिया यांचा चॅम्पियन्स लीगचा सामना झाला. अटलांटा हा बर्गामो शहराचा संघ. चाळीस हजारांहून अधिक लोक गोळा झाले होते. विषाणू तोवर त्या भागात येऊन पोहोचला होता, पण तो दिसला त्यानंतर एक-दोन दिवसांनी. पुढच्या महिन्यात बर्गामोत शवपेट्या न्यायला लष्कराचे ट्रक लागले. त्या एका सामन्यानंच हे घडवलं असं म्हणणं बरोबर होणार नाही, आणि त्या रात्री कुणाला दोष द्यावा इतकं कुणाला ठाऊकही नव्हतं. पण ११ मार्चला लिव्हरपूलमध्ये जे झालं त्याला ही सबब चालत नाही. माद्रिदमध्ये शाळा बंद झाल्या होत्या, स्पेनमधले सामने बंद दारांआड होणार हे ठरलं होतं, आणि तरी अ‍ॅटलेटिको माद्रिदचे सुमारे तीन हजार पाठीराखे लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर येऊन पन्नास हजारांच्या गर्दीत बसले. आपल्या घरच्या मैदानावर जे पाहायला त्यांना बंदी होती, ते पाहायला ते विमानानं दुसऱ्या देशात गेले. त्यांना कुणी अडवलं नाही.

प्रेक्षक घरी बसवले, खेळाडूंना हॉटेलात ठेवलं, रोज नाहीतर दिवसाआड चाचण्या केल्या, की मग काय? खरा कस इथे लागतो. खेळ चालू ठेवावा असं म्हणणाऱ्यांची बाजू मला पोकळ वाटत नाही. क्लबच्या मिळकतीवर फक्त अकरा खेळाडू जगत नाहीत. मैदानाची निगा राखणारे, कपडे धुणारे, फिजिओ, बसचालक, कॅमेरा सांभाळणारे, किती घरं त्यावर चालतात. आणि बंद घरात बसलेल्या माणसाला संध्याकाळी दीड-दोन तास पाहायला काहीतरी असणं, ही लहान गोष्ट नाही. २०२०-२१चा इंडियन सुपर लीगचा सगळा हंगाम गोव्यातल्या तीन मैदानांवर झाला: फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान. अकरा संघ, ११५ सामने, एकही प्रेक्षक नाही. खेळाडू महिनोन् महिने हॉटेल, बस आणि मैदान एवढ्याच जगात, म्हणजे बायो-बबलमध्ये, राहिले. १३ मार्च २०२१ला अंतिम सामन्यात अगदी शेवटच्या मिनिटाला बिपिन सिंगनं गोल केला आणि मुंबई सिटीनं पहिल्यांदा चषक उचलला. तो गोल मी घरी पाहिला आणि मनापासून आनंद झाला. त्या हंगामाबद्दल मला तक्रार नाही. पहिली लाट त्या वेळी उतरणीला होती आणि काळजी चोख घेतली गेली.

पण त्यानंतरचे काही आठवडे पाहा. एफसी गोवा हा एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला होता आणि त्या गटाचे सामने १४ एप्रिलपासून फातोर्ड्यालाच झाले. कतारच्या अल रय्यानशी बरोबरी झाली, भारतीय क्लबला या पातळीवर पहिला गुण मिळाला. गोव्यातल्या फुटबॉलप्रेमींनी ज्याची पिढ्यान् पिढ्या वाट पाहिली असा तो क्षण होता. आणि त्याच पंधरवड्यात दुसरी लाट गोव्यावर चढत होती. २९ एप्रिलला टाळेबंदी लागली. मे महिन्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात ऑक्सिजन अपुरा पडून रुग्ण दगावत असल्याचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला. बांबोळीचं मैदान, जिथे काही महिन्यांपूर्वी लीगचे सामने रंगले होते, ते या रुग्णालयाच्या शेजारीच आहे.

फुटबॉलमुळे तिथे कुणाचा प्राणवायू कमी पडला असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला आधार नाही. मला एवढंच सांगायचं आहे की व्यावसायिक सामना हवेत होत नाही. मैदानाबाहेर रुग्णवाहिका उभी ठेवावी लागते, डॉक्टर हजर लागतो, कुणाचा पाय मोडला किंवा डोक्याला मार बसला तर जवळच्या रुग्णालयात खाट मोकळी लागते. शेकडो चाचण्यांचे नमुने रोज प्रयोगशाळेत जातात आणि त्यांचा अहवाल सामन्याआधी यावा लागतो. ज्या शहरात म्हाताऱ्या आईला घेऊन माणसं खाटेसाठी एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरत आहेत, त्या शहरानं तीच रुग्णवाहिका मैदानाबाहेर उभी करावी का? माझं उत्तर नाही असं आहे. शहराजवळ हे सगळं सुटं असेल तर खेळा. नसेल त्या दिवशी खेळू नका. बायो-बबल कितीही घट्ट असला तरी त्यानं या उत्तरात फरक पडत नाही.

हा निर्णय कुणी घ्यायचा, हे जर्मनीनं बरं दाखवलं. मोठ्या लीगपैकी सर्वांत आधी, १६ मे २०२० रोजी, बुंडेसलीगा पुन्हा सुरू झाली. तिची नियमावली जगानं उचलली. पण त्याच्या आठवडाभर आधी दुसऱ्या श्रेणीतल्या डायनामो ड्रेस्डेन संघातले दोन खेळाडू बाधित निघाले आणि तिथल्या स्थानिक आरोग्य विभागानं अख्खा संघ चौदा दिवस घरी बसवला. लीगची इच्छा काय, प्रक्षेपणाचा करार काय, याला तिथे स्थान नव्हतं. निर्णय योग्य होता. पुढे जे झालं ते मात्र अन्यायाचं. बाकीचे संघ खेळत राहिले, आणि ड्रेस्डेनला उरलेले नऊ सामने ३१ मे ते २८ जून या चार आठवड्यांत दमछाक करत उरकावे लागले. संघ तळाला राहिला आणि खालच्या श्रेणीत गेला. एकाला थांबवायचं आणि घड्याळ सगळ्यांचं चालू ठेवायचं, याला थांबणं म्हणत नाहीत. नवी मुंबईत आपल्या मुलींच्या वाट्याला याचंच अधिक कठोर रूप आलं.

याच्या उलट, न थांबण्याचं कौतुक कसं होतं तेही सांगतो. मे २०२१, ब्युनोस आयर्स. रिव्हर प्लेट या नामांकित क्लबचे वीस खेळाडू कोरोनानं बाहेर, त्यात चारही गोलरक्षक. यादीबाहेरचा तरुण गोलरक्षक घ्यायला दक्षिण अमेरिकेच्या महासंघानं परवानगी दिली नाही. मग मधल्या फळीतला एन्झो पेरेझ, तोही स्नायूच्या दुखापतीतून न सावरलेला, हातमोजे घालून गोलात उभा राहिला. बदली खेळाडू एकही नाही. रिव्हर प्लेटनं कोलंबियाच्या सान्ता फेला २-१ असं हरवलं आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी ही पराक्रमाची गाथा म्हणून छापली. पेरेझच्या धैर्यापुढे मीही नतमस्तक आहे. पण ज्यांनी त्याला तिथे उभं राहायला लावलं त्यांच्याबद्दल मला संतापच वाटतो. सामना एक आठवडा पुढे गेला असता तर कुणाचं काय बिघडणार होतं? दुसऱ्याच दिवशी अर्जेंटिनाच्या सरकारनं कडक टाळेबंदी जाहीर केली आणि देशातले सामनेही थांबवले. महिन्याच्या शेवटी कोपा अमेरिका स्पर्धा अर्जेंटिनातून काढून घेण्यात आली आणि ती ब्राझीलला दिली गेली, जिथे साथ काही कमी नव्हती. एका देशाला थांबावंसं वाटलं तर स्पर्धा दुसरा देश शोधते. आपण थांबावं हे तिच्या मनातही येत नाही.

त्या कोपा अमेरिकेचा अंतिम सामना ११ जुलैला आपल्याकडे पहाटे साडेपाचला दिसला. मेस्सीनं अर्जेंटिनाच्या वरिष्ठ संघाबरोबर पहिला मोठा चषक उंचावला. कोल्हापुरात मेस्सीचे आणि ब्राझीलचे चाहते किती कडवे आहेत हे मी तुम्हाला सांगायला नको. दुसरी लाट तेव्हा जिल्ह्यातून पुरती ओसरलीही नव्हती. तो आनंद खोटा होता असं मी म्हणणार नाही. पण याच कोल्हापुरात शाहू स्टेडियम मार्च २०२० पासून सुनं पडलं होतं. पेठापेठांतल्या तालमींचे संघ, ज्यांच्या सामन्याला गॅलऱ्या भरतात, ते घरी बसले. हंगामाच्या मानधनावर घराला हातभार लावणारी पोरं घरी बसली. त्यांनी खेळावं की नाही यावर कुठे चर्चासत्र झालं नाही. जानेवारी २०२२मध्येही महाराष्ट्रात दिवसा जमावबंदी, रात्री संचारबंदी आणि शाळा बंद असताना स्थानिक स्पर्धा पुढे ढकलल्या गेल्या, आणि आधी ठरलेल्या राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय स्पर्धांना प्रेक्षकांविना मुभा मिळाली. ज्यांच्यामागे प्रक्षेपणाचा पैसा नाही ते मुकाट्यानं थांबले. ज्यांच्याकडे वर्षभर तग धरण्याइतकी शिल्लक होती त्यांच्यासाठीच सगळा वाद झाला.

क्लब बुडतील, ही भीती मला खोटी वाटत नाही. पण फ्रान्सनं एप्रिल २०२० मध्ये हंगाम तिथेच संपवला आणि पॅरिस सेंट जर्मेनला विजेता ठरवलं. नेदरलँड्सनं तर विजेताच जाहीर केला नाही आणि कुणाला खालच्या श्रेणीतही ढकललं नाही. रुसवेफुगवे झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. पुढच्या हंगामात दोन्ही देशांत फुटबॉल सुरू झाला.

आज साथ नाही, म्हणून हे बोलायची हीच वेळ आहे. रुग्णालयं भरलेली असताना नियम लिहायला बसलं की ज्याचा आवाज मोठा त्याचा नियम होतो. भारतीय फुटबॉल महासंघ, राज्यांच्या संघटना आणि मैदानांना परवानगी देणारी सरकारं यांना माझी विनंती आहे. पुढची साथ येईल तेव्हा कोणत्याही स्पर्धेला परवानगी देताना तीन अटी घाला. वेळापत्रकात सगळ्यांसाठी राखीव दिवस असले पाहिजेत, निदान विलगीकरणाच्या काळाइतके. संघ आजारी पडला तर यादीबाहेरचे खेळाडू घेण्याची मोकळीक असली पाहिजे. आणि सामना थांबवण्याचा शेवटचा शब्द जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याचा असला पाहिजे, ज्याला चषकाशी किंवा कराराशी काही देणंघेणं नाही. ज्या स्पर्धेला या अटी परवडत नाहीत, तिला मैदान देऊ नका. आणि त्या काळात जी मैदानं बंद ठेवाल, तिथल्या खेळाडूंच्या मानधनाची सोय बंदीच्या आदेशातच करा, मग ते मैदान नेरुळचं असो, फातोर्ड्याचं असो की कोल्हापूरचं.